ओट्याचा सौदा

मी आयुष्यात सौद्यात तीनच माणसांपुढे हरलो. पहिले दोघे सुरतेचे कापडदलाल. समोरच्याला हरवणं हा त्यांचा धंदाच, त्यांच्यावर माझा राग नाही. तिसऱ्या म्हणजे निवृत्त शिवणबाई, शरयू मुळे. त्यांच्यावर आहे.

त्या गेल्यावर देवासच्या आमच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. एक जण उठला, म्हणाला, फार शांत होत्या. दुसरा म्हणाला, सोशिक. तिसऱ्यानं तर मायेचा झरा वगैरे काढला. मी मागच्या रांगेत बसून खुर्चीचा हात दाबत होतो. शांत? ही बाई दहा मिनिटं एका जागी बसल्याचं ज्यानं पाहिलंय त्यानं पुढं यावं. चहाचा कप हातात घेऊन त्या उभ्यानं प्यायच्या आणि अर्धा टाकून चालू लागायच्या. सोशिक तर मुळीच नव्हत्या. मला त्यांनी तोंडावर "आडमुठा" म्हटलंय, तेही गिऱ्हाइकांसमोर. त्या सभेत मला बोलायला कुणी सांगितलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

सगळं गाव त्यांना जीजी म्हणायचं. माळव्यात मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. वडील जुन्या संस्थानात कारकून होते. जीजींनी नोकरी सगळी धारच्या मुलींच्या सरकारी शाळेत काढली, शिवण शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर देवासला वडिलांच्या दोन खोल्यांत परत आल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. अंगानं काटकुळ्या, सुती साडी, चष्मा शिवणाच्या दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. खांद्याला स्वतः शिवलेली खादीची पिशवी. पिशवीत जुनी वर्तमानपत्रं, खोबरेलाची बाटली, कापूस आणि दोन नेलकटर. एक हाताच्या नखांसाठी, एक मोठं, पायाच्या.

माझं दुकान देवीच्या टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. घोंगड्या, रजया, सतरंज्या. हे दुकान मला कुणी वारशात दिलेलं नाही. धारहून सायकलीवर गठ्ठे बांधून धरमपुरीचा हाट, हाटपिपल्याचा हाट असं करत मी इथवर आलो. दुकानापुढं बारा हात लांब, तीन हात रुंद असा फरशीचा ओटा आहे. गवंड्याच्या डोक्यावर उभा राहून तो मी बांधून घेतला. सध्या त्याच्या कोपऱ्यात दिवसा पाच घोंगड्यांच्या घड्या रचलेल्या असतात. त्याचं कारण पुढं येईल.

जीजी मला पहिल्यांदा दिसल्या त्या याच ओट्यावर. सकाळी कुलूप काढायला आलो तर एक बरी दिसणारी म्हातारी बाई फरशीवर उकिडवी बसलेली, पुढ्यात वर्तमानपत्र पसरलेलं, आणि माझ्या ओट्यावर रोज झोपणाऱ्या माणसाचा हात आपल्या हातात घेऊन ती त्याची नखं काढते आहे. अजून बोहनी व्हायची होती. माझं डोकं फिरलं.

"ओ बाई! हे काय चाललंय?"

"दिसतंय की. नखं काढतेय."

"माझ्या ओट्यावर?"

"मग कुठे? त्याच्या दिवाणखान्यात?"

मी आणखी काही बोलणार तर त्यांनी हात वर केला. "थांब. करंगळी राहिलीय."

आणि मी थांबलो. हे मला आजही कळत नाही. माझ्यावर बँकेचा मॅनेजर ओरडला तरी मी थांबत नाही.

करंगळी झाली. वर्तमानपत्राची पुडी बांधून त्यांनी पिशवीत टाकली. मग विचारलं, "याचं नाव काय?"

"मला काय ठाऊक?"

"किती दिवस झोपतोय इथे?"

"झाले असतील सहा महिने."

"सहा महिने भाडेकरू आहे आणि मालकाला नाव ठाऊक नाही." आणि त्या माणसाकडे वळल्या. "गेंदालालजी, ये वसंत भिया हैं. वसंता, हे गेंदालाल."

माझं नाव त्यांनी दुकानाच्या पाटीवर वाचलं होतं. गेंदालालनं नुकती नखं काढलेले हात जोडले. "राम राम भिया. बोनी के पेले उठ जाऊँगा, फिकर मती करो."

गेंदालाल लग्नकार्यात जिलब्या तळायचा. हात थरथरू लागले तसं हलवायांनी बोलावणं बंद केलं. घरी भावाला तो नकोसा झाला. निघताना त्यानं घरातली एकच वस्तू उचलली, तळणाचा झारा. तो त्याच्या गोणपाटात गुंडाळलेला असायचा. हे सगळं जीजींनी एका हाताची नखं काढता काढता काढून घेतलं होतं. मी सहा महिन्यांत त्याला "ए, सरक" याच्या पलीकडे एक शब्द बोललो नव्हतो.

हीच त्यांची पद्धत होती. आधी नाव, मग गाव, मग नखं. काही द्यायचं ते त्यानंतर. लोक विचारायचे, जीजी, नखंच का? त्या म्हणायच्या, "घोंगडी लांबून फेकता येते. नखं काढायची तर हात धरावा लागतो." आणि त्या लिहून काही ठेवत नसत. बसस्टँडपासून टेकडीच्या पायऱ्यांपर्यंत जेवढी माणसं उघड्यावर राहायची तेवढी नावं तोंडपाठ. "वहीत लिहिलं की वहीला आठवतं, आपण विसरतो," असं एकदा कॉलेजच्या पोरींना सांगताना मी ऐकलं. त्या पोरींना त्या रविवारी सकाळी फिरायला न्यायच्या. अट एकच. प्रत्येकीनं एक नवं नाव घेऊन यायचं, मगच चहा. जिला नाव मिळालं नाही तिनं चहा न पिता घरी जायचं. पोरी रडकुंडीला यायच्या. या बाईला शांत म्हणतात.

एकदा मला म्हणाल्या, "पूर्वी आपल्या गावात दोन राज्यं होती. मधला रस्ता म्हणजे सरहद्द. या बाजूचं एका महाराजांचं, त्या बाजूचं दुसऱ्यांचं. मी बाबांना विचारायची, मग रस्त्यावर झोपणारा कुणाचा?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, शिवण घे हातात."

आता सौद्याचं सांगतो. नखांच्या प्रसंगानंतर आठवड्यानं, दुपारी दुकान रिकामं असताना जीजी आल्या. मला वाटलं आता घोंगड्या मागणार. अशी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. म्हणून मीच आधी म्हटलं, "वडिलांच्या तिथीला शंभर घोंगड्या देतो. तुमच्या हातानं वाटा. मागे एक बॅनर लावू."

"नकोत."

"नकोत?"

"पितृपक्षात आणि संक्रांतीला टेकडीखाली एकेकाच्या अंगावर पाच-पाच घोंगड्या पडतात. उरलेल्या महिन्यांत तीच माणसं त्या विकून खातात. तू स्वस्तात परतही घेत असशील."

मी घेत होतो. 

"मला ओटा दे," त्या म्हणाल्या. "दुकान बंद झाल्यापासून उघडेपर्यंत. तू आत्ता झोपू देतोस ते तुझ्या लहरीवर. उद्या डोकं फिरलं की पाणी ओतशील. मला शब्द दे."

माझ्या मुठीत काही आहे आणि समोरच्याला ते हवंय, असं दिसलं की माझा जीव सुखावतो. मी गादीवर मांडी ठोकून बसलो. त्या उभ्याच.

"सकाळी पाचला उठायचं."

"थंडीत पाचला काय करेल तो? सात."

"सहा. आणि ओटा धुवून द्यायचा."

"झाडून. धुवायचा तर तू धू. साडेसहा."

"बरं, साडेसहा. पण एकच माणूस."

"दोन. बारा हात ओटा आहे, मी पावलांनी मोजलाय. तिसराही मावतो, पण मी दोनच मागतेय."

"एक."

"दोन."

"एक म्हणजे एक. पटत असेल तर बोला."

त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि निघाल्या. गिऱ्हाईक उठून गेलं तर जाऊ द्यावं, हाक मारणारा हरतो, हे मला सुरतेच्या त्या दोघांनी माझ्याच खर्चानं शिकवलं होतं. मी हिशेबानं पंखा बघत बसलो. त्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यापर्यंत पोचल्या. तिथून वळल्या की दिसेनाशा झाल्या असत्या.

"बरं, दोन!" मी ओरडलो.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चालता चालता हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

तो शब्द मी दीड हिवाळा पाळला. गेंदालाल कायम, दुसरा माणूस बदलता. गेंदालाल साडेसहाला ओटा इतका लख्ख झाडायचा की माझा नोकर मांगीलाल ओशाळायचा. मी गेंदालालला नावानं हाक मारू लागलो. एकदा दिवाळीत त्यानं मागच्या अंगणात जिलब्या तळून दाखवल्या, थरथरत्या हातानं. वेड्यावाकड्या झाल्या. आम्ही खाल्ल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात जीजींनी वार सुरू केले. तरुण मंडळींना हे ठाऊक नसेल. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. जीजींनी ते उलटं फिरवलं. एकेका मराठी घरानं आठवड्याचा एक वार घ्यायचा आणि त्या वारी बसस्टँडजवळ माणसांना जेवू घालायचं. डबा पाठवून चालत नसे. स्वतः जायचं, वाढायचं, त्यांचं होईपर्यंत बसायचं. लोक म्हणायचे, नातवाचा वाढदिवस आहे त्या दिवशी करतो. जीजी म्हणायच्या, "त्या दिवशी केक खा. मला साधा मंगळवार हवा. ज्या दिवशी तुझ्या घरी काहीच नाही असा." सासऱ्यांची पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस, एकादशी, सगळं नामंजूर. चिठ्ठ्या मराठीत लिहून घरोघर टाकल्या, तर निम्म्या घरांतल्या मुलांना मराठी धड वाचता येईना. दुसऱ्या फेरीत त्यांनी दार ठोठावून एकेकाला वाचून दाखवलं, मास्तरणीच्या आवाजात.

सहा वार भरले. बुधवार उरला. तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"मी वार घेणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"ओटा दिलाय. पुरे."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं. पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. आता सांगतो. मी धारला शिकताना वार लावून जेवलोय. बुधवारचं घर मोठं होतं, सरदारांच्या नात्यातलं. मी मागच्या दारी जाऊन बसायचो. कधी आठवण राहायची, कधी नाही. उष्टी भांडी न्यायला बाई बाहेर यायची आणि म्हणायची, "अगबाई, आज बुधवार का? विसरलेच." शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. विसरणं मला अजून चालत नाही.

संक्रांतीला समाजाच्या हॉलमध्ये तिळगुळाचा मेळावा होता. जीजींनी तिथं त्यांची अकरा माणसं आणली आणि सरळ पहिल्या रांगेत बसवली. पैठण्या एकेक खुर्ची मागे सरकल्या. जीजी माइकपुढं उभ्या राहिल्या, हातात कागद नाही. म्हणाल्या, "तुम्ही रोज यांच्यावरून जाता. आज ओळख करून घ्या." एकेकाचं नाव घेतलं, गाव सांगितलं, काय काम करायचा ते सांगितलं. प्रत्येक जण उठून नमस्कार करायचा. गेंदालालच्या वेळी म्हणाल्या, "टेकडीच्या रस्त्यावरचा एक ओटा हे रोज झाडतात. असा स्वच्छ ओटा देवासात दुसरा नाही." टाळ्या पडल्या. मग वार देणाऱ्या घरांची नावं घेतली. आंघोळीला गरम पाणी देणाऱ्या लॉजवाल्याचं घेतलं. फुकट दाढ्या करणाऱ्याचं घेतलं. मी ताठ बसलो होतो. आता माझं.

त्या खाली उतरल्या.

मागून कुणीतरी म्हणालं, "क्यों भिया, किराएदार का नाम आ गया, मकानमालिक का रह गया!" चार-सहा जण हसले. माझ्या हातात तिळगूळ होता. तो मी खिशात कोंबला आणि निघून आलो. सदऱ्याला तीळ चिकटले ते दोन दिवस निघाले नाहीत.

तिसऱ्या दिवशी वेल्डर बोलावला. ओट्याला पुढून लोखंडी जाळी, मधे दार, दाराला कुलूप. मांगीलाल म्हणाला, "भिया, ठंड तो निकलने दो." मी त्याला आत गाठोडी मोजायला पाठवलं.

संध्याकाळी गेंदालाल आला. गोणपाट काखेत. जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कंई गलती हुई भिया?"

"जगह नहीं है अब," मी म्हटलं. गादीवरून उठलोसुद्धा नाही.

तो थोडा वेळ उभा राहिला. मी काहीतरी पुढं बोलेन असं त्याला वाटलं असावं. मग गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीजी आल्या. मी सगळे मुद्दे तयार ठेवले होते. मेळाव्यात माझा अपमान झाला इथपासून ते गिऱ्हाइकांना वास येतो इथपर्यंत. भांडण झालं असतं, मी ओरडलो असतो, त्या आडमुठा म्हणाल्या असत्या, आणि खरं सांगतो, दुपारपर्यंत जाळी निघाली असती. मी त्याचीच वाट बघत होतो. जीजींनी जाळीला हात लावला. कुलूप हलवून पाहिलं. आणि निघाल्या.

"जीजी!" मी हाक मारली. पोहेवाल्यापर्यंत थांबलोही नाही, लगेच मारली.

त्यांचा हात वर गेला नाही.

गेंदालाल काही दिवस बसस्टँडच्या शेडमध्ये होता. तिथं त्याला ताप भरला. जीजी सरकारी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून असायच्या, हे मला मांगीलालनं सांगितलं. ताप उतरला, आणि एका दुपारी तो झारा घेऊन दवाखान्यातून निघून गेला. कुणाला न सांगता.

मग जीजींची जी पायपीट सुरू झाली ती मी दुकानातून बघत होतो. पिशवी खांद्याला, आज हाटपिपल्याची बस, उद्या धारची. हाटपिपल्याच्या नृसिंहाच्या देवळात बघून आल्या, धारच्या बसस्टँडवर चार दिवस काढले. पंधरा दिवसांनी त्या माझ्या दुकानात शिरल्या. जाळी बसल्यापासून पहिल्यांदा.

"गाडी आहे ना तुझी? धरमपुरीला जायचंय. त्याचा भाऊ तिथं नावाड्यांच्या वस्तीजवळ राहतो."

मी दुकान मांगीलालवर टाकलं आणि निघालो. धार येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीतून रस्त्याच्या कडेची माणसं बघत होत्या. प्रत्येक देवळापाशी, प्रत्येक ढाब्यापाशी "हळू घे" एवढंच. धार मागे पडलं तसं मला राहवेना.

"मेळाव्यात माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे वळल्या. त्यांना खरोखर प्रश्न कळला नव्हता. "कुठल्या मेळाव्यात?"

"संक्रांतीच्या. सगळ्यांची घेतलीत. दाढ्या करणाऱ्याचं घेतलंत. ओट्याचं बोललात, माझं नाही."

त्या आठवत राहिल्या. मला वाटलं, आता काहीतरी कारण सांगतील. तुझा अहंकार मोडायचा होता, दान गुप्त असावं, असलं काहीतरी. मी त्यालाही उत्तर ठेवलं होतं.

"विसरले रे," त्या म्हणाल्या.

मी ब्रेक मारला. मागून येणारा ट्रॉलीवाला शिव्या देत गेला.

"विसरलात? तुम्ही?"

"विसरले. एवढी नावं तोंडात होती, तुझं राहिलं." मग, "म्हणून जाळी लावलीस?"

मी गाडी पुन्हा सुरू केली.

"दुसऱ्या दिवशी येऊन भांडायचंस की. तुला भांडायला कधीपासून मुहूर्त लागायला लागला?" असं म्हणून त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. पदरानं चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

लोक म्हणतील, झालं, गैरसमज मिटला. माझा नाही मिटला. ज्या बाईला बसस्टँडवरच्या वेड्याचंही नाव पाठ होतं ती माझं विसरली. हे मला त्या दिवशी जेवढं लागलं तेवढंच आजही लागतं. आणि तेवढ्यासाठी मी थंडीत एका म्हाताऱ्याला हाकललं, हेही त्याच गाडीत माझ्याशेजारी बसलं होतं. दोन्ही अजून माझ्यात आहेत. एकानं दुसरं खोडलं जात नाही.

धरमपुरीला भाऊ सापडला. जाळं विणत बसला होता, वर न बघता म्हणाला, "आया था. तीन दिन रया. फिर झारा लेके निकल गया. मांडव में भंडारा है, काम मिलेगा, ऐसा बोला." मांडव म्हणजे मांडू. आम्ही तिथं गेलो तर कुठला भंडारा नव्हता. खाण्याच्या टपऱ्यांवर विचारलं, गाइड लोकांना विचारलं. झारावाला म्हातारा कुणी पाहिला नव्हता.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. भावाकडून परत येताना जीजी नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवर थांबल्या. देवळाच्या कडेला तीन-चार माणसं बसलेली. जीजींनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, पसरलं, एका म्हातारीपुढं बसल्या. मी वर उभा राहून चिडत होतो, उजेड आहे तोवर मांडू गाठायचं होतं. वर न बघता त्यांनी मोठं नेलकटर माझ्याकडे धरलं.

"उभा काय राहिलास? तो पलीकडचा धर."

मी पायरीवर बसलो. माणूस माझ्याच वयाचा होता. त्यानं पाय पुढं केला. मी आयुष्यात हजारो हात घोंगडी चाचपताना पाहिलेत, कुणाचा पाय हातात घेतला नव्हता. आधी काय, ते आठवलं.

"नाम क्या?"

"जगन्नाथ."

ते काम मला जमलं नाही. एका बोटाला रक्त काढलं. जगन्नाथच मला म्हणाला, "आराम से, सेठ."

परत आल्यावर मी जाळी काढली. कुलूप उघडलं नाही, जाळीच उपटली. फरशीला चार भोकं आहेत, ती अजून आहेत. जीजींना सांगायला त्यांच्या खोलीवर गेलो. त्या दारात चपला घालत होत्या.

"जाळी काढली."

"बरं."

"किती माणसं ठेवायची?"

"तुझा ओटा आहे. तू ठरव."

"दोन?"

"बरं."

"एकच म्हटलं तर?"

"बरं," त्या म्हणाल्या आणि दुसरी चप्पल घातली.

मला ओरडावंसं वाटलं. ज्याच्याशी कुणी घासाघीस करत नाही तो दुकानदार संपला, हे बाजारात बसणाऱ्यालाच कळेल. त्या रागावल्या नव्हत्या. भेटल्या की बोलायच्या, माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. पण माझ्याकडे मागितलं काही नाही. पुन्हा कधीच नाही. मी बुधवार घेतला. दर बुधवारी बसस्टँडवर जायला लागलो, वाढायचो, नखं काढायचो, नावं विचारायचो. आणि झारा घेतलेला एक म्हातारा कुणी पाहिला का, हेही. जीजींनी मला तिथं पाहिलं तेव्हा म्हणाल्या, "आलास? बरं." आणि पुढं गेल्या. दोन वर्षं हे चाललं. मी ओट्यावर दोनाचे तीन केले, त्यांना कळावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. "बरं."

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. भाचीनं त्यांना धारला नेलं. मी एका दुपारी भेटायला गेलो.

खाट खिडकीशी होती. बाई पडून होती पण स्वस्थ नव्हती. डावा पाय सारखा हलत होता, डावा हात चादर चिवडत होता. भाची म्हणाली, "आत्याला माणसं ओळखू येतात की नाही, कळत नाही हो. परवा सख्ख्या भावजयीकडे पाठ केली."

मी खुर्ची ओढून बसलो. काय बोलायचं सुचेना म्हणून ओट्याचं बोलत सुटलो. तीन माणसं आहेत. एकाचं नाव हरिराम, रिक्षा चालवायचा. एक मोहनभाई, आपलं गाव सांगत नाहीत. तिसरी बाई आहे, रामकुंवर, तिच्यासाठी कडेला पडदा लावलाय. बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. नखं वाढली होती.

"मला भीती वाटते काढायची," भाची म्हणाली. "हात लावू देत नाही."

नेलकटर माझ्या खिशात असतंच आता. मी तो लुळा हात माझ्या हातात घेतला. त्यांनी ओढला नाही, ओढणार कुठून म्हणा. पण डाव्या हाताचं चिवडणं थांबलं. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. रक्त काढलं नाही. करंगळीपर्यंत आलो आणि मान वर केली, तर त्यांचा डावा हात वर होता. चार बोटं.

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"चार?" मी म्हटलं. "जीजी, बारा हात ओटा आहे. माणसाला चार हात लागतात. तीनच."

चार बोटं.

"तुम्हीच पावलांनी मोजलाय. तीन म्हणजे तीन."

चार.

"बरं, साडेतीन. एखादा लहानखुरा बघा."

त्यांचं अर्धं तोंड हललं. खांदा गदगदला. भाची घाबरून पुढं आली, तिला वाटलं त्रास होतोय.

मी उठलो. नेलकटर खिशात टाकलं. "तीन," म्हटलं आणि बाहेर पडलो. अंगण ओलांडलं. फाटकापर्यंत गेलो. मागून हाक येणार नव्हती, वाचाच नव्हती. तरी मी कडी लावायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लावला. मग वळून पाहिलं. खिडकीच्या गजाला टेकवलेला हात वर होता, चारही बोटं ताठ.

"बरं, चार!" मी रस्त्यावरून ओरडलो. शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली.

गाडीत बसलो, चावी फिरवली, आणि पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं. हात तसाच होता. आत दुमडलेला अंगठा हळूहळू वर येत होता.

मी गाडी पळवली.